आधी लगीन नोकरीचं

पुण्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या सोसायटीत एक तरी तरुण ‘जर्मनीला निघालेला’ असतो. निघालेला म्हणजे गेलेला नव्हे. तो रोज सकाळी दूध घ्यायला खाली येतो, कंपनीची बस पकडून चाकणला जातो, रात्री परत येतो आणि तरीही निघालेलाच असतो. वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे त्याला “मग, कधी?” एवढंच विचारतात. “प्रोसेस चालू आहे,” एवढंच तो सांगतो.

सोयीसाठी त्याला उमेदवार म्हणू. वय चौतीस, शिक्षण बी.ई. मेकॅनिकल, नोकरी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना आहे, मर्सिडीजचाही आहे आणि त्यांच्या आसपास लहानमोठ्या पुरवठादारांची दाटी आहे. अशाच एका ठिकाणी दाराच्या बिजागऱ्या तपासता तपासता उमेदवाराच्या मनात आलं, की बिजागरी जर्मनीला जाते तर आपण का नाही? बिजागरीला एक टेस्ट रिपोर्ट पुरतो. माणसाचं तसं नसतं, हे त्याला पुढे कळायचं होतं.

घरातून परवानगी मिळाली ती एका अटीवर. तिकडचं ऑफर लेटर हातात पडल्याशिवाय इकडचा राजीनामा द्यायचा नाही. “हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये,” असं वडील म्हणाले. गंमत म्हणजे जर्मन सरकारचा हमरस्ताही याच विचाराचा आहे. ‘ईयू ब्लू कार्ड’ मिळतं ते नोकरी पक्की झाल्यावरच, आणि पगारही ठरावीक रकमेच्या वरचा लागतो. 2025 साली ही रेषा वर्षाला 48,300 युरोंवर होती. इंजिनिअर, डॉक्टर, संगणकतज्ज्ञ अशा टंचाईच्या पेशांसाठी 43,759 युरो आणि 80 सेंटवर. त्या 80 सेंटांमुळे वडिलांचा जर्मनीवरचा विश्वास एकदम वाढला. चिल्लरीचाही हिशेब ठेवणाऱ्या देशात मुलगा सुखरूप राहील, असं निवृत्त बँक कर्मचाऱ्याला वाटणं साहजिक होतं.

काकांचा हिशेब ठोक होता. त्यांनी 48,300 ला शंभराने गुणलं आणि संध्याकाळपर्यंत ‘अठ्ठेचाळीस लाखांचं पॅकेज’ नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून नाशिक-कोल्हापूरपर्यंत पोचलं. अजून अर्जही गेलेला नव्हता. एकट्या माणसाच्या पगारातून आयकर, पेन्शन, आरोग्यविमा, बेकारीविमा कापून तिथे साधारण पासष्ट टक्के हातात येतात आणि त्यातला मोठा घास घरभाडं घेतं, असं उमेदवाराने ग्रुपवर सविस्तर लिहिलं. त्याला एका आत्याने अंगठा दाखवला. बाकीच्यांनी सुप्रभात म्हटलं.

दुसराही एक रस्ता आहे. 1 जून 2024 पासून जर्मनीने ‘चान्सनकार्ट’ सुरू केलं. हे कार्ड घेऊन आधी तिकडे जायचं आणि वर्षभरात नोकरी शोधायची. पदवीला पूर्ण मान्यता मिळालेली असेल तर प्रश्न नाही. नसेल तर किमान 6 गुण जमवावे लागतात. गुणांचा तक्ता घरात मोठ्याने वाचला गेला, तेव्हा आजी म्हणाली, “अरे, ही तर पत्रिकाच जुळवतायत!” आजीचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे छत्तीसात अठरा जुळले की बार उडवतात, तिकडे सहावर भागतं. वय पस्तिशीच्या आत असेल तर 2 गुण, चाळिशीच्या आत 1. गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव असेल तर 3. जर्मन भाषेची बी-वन पातळी गाठली तर 2, बी-टूला 3. टंचाईचा पेशा असेल तर 1. आणि नवरा-बायको दोघंही अटीत बसत असून एकत्र निघाले असतील, तर जोडीदाराचा आणखी 1.

उमेदवार अविवाहित. त्या रात्री आईने तीन स्थळं काढली. तिन्ही मुली इंजिनिअर.

उमेदवाराने त्याऐवजी भाषेचा क्लास लावला. मराठीला तीन लिंगं आहेत, जर्मनलाही तीनच, तेव्हा अवघड काय, असा त्याचा समज होता. तो जेवणाच्या धड्यापर्यंत टिकला. चमचा तिथेही पुरुषच निघाला, पण काटा बाई झाला आणि सुरी नपुंसकलिंगी.

मग बायोडाटा. आपल्याकडच्या बायोडाटात शेवटी ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ असं शपथपत्र असतं, छंदांत वाचन आणि क्रिकेट असतं. जर्मन कंपनीला यातलं काही नको असतं. तिला नोकऱ्या उलट्या क्रमाने हव्या असतात, महिन्यांसकट. मधला एखादा तुकडा रिकामा दिसला की मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच. खरा घोळ झाला तो नावाचा. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. अर्ज भरताना सगळ्याची सरमिसळ झाली आणि उत्तरं वडिलांच्या नावाने येऊ लागली. श्रीयुत वडील यांची पात्रता आवडली, पण जागा भरली गेली आहे, असं एका पत्रात होतं. वडिलांनी ते दोनदा वाचलं. निवृत्तीनंतर प्रथमच कुणी त्यांच्या पात्रतेबद्दल बोललं होतं.

पदवीचंही तसंच. परदेशी विद्यापीठांची नोंद ठेवणारी ‘आनाबिन’ नावाची सरकारी यादी आहे. तिच्यात आपलं विद्यापीठ आणि आपली पदवी शोधायची. खात्री हवी असेल तर बॉनमधल्या कार्यालयाकडे 208 युरो भरून लेखी दाखला मागवायचा. उमेदवार 2013 साली पास झाला, म्हणजे त्याच्या प्रमाणपत्रावर ‘पुणे विद्यापीठ’. 2014 मध्ये विद्यापीठाचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. दोन्ही एकच, हे पुण्यात रिक्षावाल्यालाही सांगावं लागत नाही. परदेशातल्या टेबलावर मात्र ते कागदानिशी सांगावं लागतं.

एवढं झाल्यावर व्हिडिओ-मुलाखत ठरली. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. तिकडे दुपारचे तीन म्हणजे इकडे थंडीत संध्याकाळचे साडेसात. शेजारी मालिका सुरू होण्याची, आपल्याकडे कुकर लागण्याची आणि खालच्या मंडळाला स्पीकर तपासून बघण्याची तीच वेळ. उमेदवार वर कोट-टाय, खाली बर्मुडा अशा वेशात बसला. तिसऱ्या शिट्टीला पलीकडच्या बाईंनी विचारलं, की हा इशारा कसला? “भाताचा,” हे उत्तर त्याने जर्मनमध्ये अचूक दिलं आणि तिथून मुलाखत रंगली.

शेवटचा प्रश्न जड गेला. अपेक्षित वार्षिक पगार किती? पगाराचं बोलायचं म्हणजे मराठी माणसाला कोण संकोच! “तुम्हाला योग्य वाटेल ते,” असं त्याच्या तोंडावर आलं होतं. पण तिथे आकडा सांगावाच लागतो, आणि तो सांगताना ब्लू कार्डाची रेषा ध्यानात ठेवावी लागते. रेषेच्या खाली सांगितलं तर नोकरी मिळूनही ते कार्ड मिळत नाही. नोटीस पीरियड तीन महिने आहे, हे मात्र तो घाबरत बोलला. बाई शांत होत्या. तीन महिन्यांची नोटीस जर्मनीत नेहमीचीच.

दरम्यान सल्लागारांची कमतरता नव्हती. कॅनडावाला मावसभाऊ म्हणाला, “इकडे ये.” पण नोकरीच्या ऑफरला तिथल्या ‘एक्सप्रेस एंट्री’ या स्थलांतर योजनेत 50 किंवा 200 जादा गुण मिळायचे, ते कॅनडाने 25 मार्च 2025 पासून बंद केले, कारण ऑफर लेटरंच विकली जाऊ लागली होती. अमेरिकावाल्याने एच-वन-बीची सोडत सांगितली: वर्षाला 85,000 व्हिसे. सप्टेंबर 2025 मध्ये तिथे नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचं शुल्क जाहीर झालं, तेव्हापासून तो ग्रुपवर फक्त वाढदिवसांना बोलतो.

जर्मनीला माणसं हवी आहेत, यात खोटं नाही. भारतीय कुशल कामगारांचे वार्षिक व्हिसे 20,000 वरून 90,000 करण्याचं तिने ऑक्टोबर 2024 मध्ये ठरवलं. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट, 1968 पासून मुंबईचं भगिनी शहर. करारात नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर यांना मागणी होती. ते कळल्यावर सोसायटीचा वायरमन उमेदवाराकडे जर्मनचं पुस्तक मागायला आला. वडिलांनी इंजिनिअरिंगच्या फीचा हिशेब पुन्हा एकदा मांडला.

नोकरी आधी ठरवून समुद्र ओलांडायचा, हे काही नवं नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातली माणसं मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेली, तीही करारानेच. करार बहुधा पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. करार हातात असूनही ती फसली. परदेशी जाणाऱ्या मजुरांवर देखरेख करणारा ‘प्रोटेक्टर’ हा सरकारी अधिकारी त्या काळापासूनचा, आणि 1983 च्या स्थलांतर कायद्यातही तो आहे. फसवणारेही आहेतच. थायलंडमध्ये संगणकावरची चांगली नोकरी म्हणून नेलेले भारतीय तरुण म्यानमारमधल्या सायबर टोळ्यांच्या तावडीत सापडले, म्हणून परराष्ट्र मंत्रालयाला 2022 मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला.

तेव्हा उमेदवाराच्या वडिलांचं म्हणणं जुनाट वाटलं तरी हिशेबाला पक्कं आहे. चान्सनकार्टवर जाऊन शोधायचं, तर 2025 च्या दराने महिन्याला 1,091 युरो, म्हणजे वर्षाचे 13,092 युरो, आधीच खात्यात अडकवून दाखवावे लागतात. रुपयांत साधारण तेरा लाख. तेवढे पैसे न अडकवता, गाठीची नोकरी आणि घरचा वरणभात न सोडता इथूनच शोधणारा जास्त शहाणा. कुणी एजंट भेटलाच, तर सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर त्याची नोंदणी आधी तपासा. त्याला कायद्याने उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. त्याची पावती मागा, आणि मिळाल्याशिवाय उठू नका.