मंडईचं पथ्य

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दिवसाला दोन हजार कॅलरी खाणाऱ्याने वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत ठेवावी. 25 वर थांबला तर उत्तमच. हा हिशेब मांडणाऱ्यांपैकी कोणी भाऊबीजेनंतर भंडारा जिल्ह्यात पाहुणा म्हणून आलेला दिसत नाही. तेव्हा आमच्याकडे मंडई असते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे पुणेकरांसाठी. झाडीपट्टीत गावोगाव भरणारी ही जत्रा: दुपारी दंडार हे इथलं लोकनाट्य, रात्री वडशाच्या मंडळींचं नाटक, आणि घरोघरी पाहुणे. एका घरी जेवून सुटका नसते; शेजारची वहिनी रुसते.

यंदा साकोलीच्या मामीकडे नागपूरहून भाची आली. आहारशास्त्र शिकलेली. आल्या आल्या तिने फर्मान काढलं: साखर बंद, मैदा बंद, तेल बंद. मामी शब्दाला पक्की. तिने करंजीत गूळ घातला, शंकरपाळे कणकेचे केले आणि सगळं तळण साजूक तुपात काढलं.

"आता तरी झालं ना वं तुह्या मनासारखं?"

गूळ आणि साखर, कॅलरी जवळपास तेवढ्याच, हे भाची समजावून सांगेपर्यंत तिच्या ताटात तिसरी करंजी पडली होती.

खरी गंमत लाखोरीच्या डाळीची. उभ्या धानाच्या बांधीत, कापणीआधीच, ओलीवर हे बी फेकून देतात. त्याला उतेरा म्हणतात. नांगर नाही, पाणी नाही, आणि प्रथिनं भरपूर. पण रोज तीच भरमसाट खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात, म्हणून 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली. भंडाऱ्याने ती बंदी आदराने ऐकून घेतली आणि वडे तळत राहिला.

डाळ भिजवून पाणी फेकलं की विषाचा अंश बराच उतरतो, असं भाची म्हणाली. मामी नेहमी तसंच करते. दोघींचं एकमत झालेला दिवाळीतला हा एकमेव क्षण. मग मामीने कढई चढवली.

"मामी, वाफवून बघू या का?"

"वाफवाले हा का दवाखाना हाय?"

तसं पाहिलं तर आमच्या घरात पौष्टिक काय कमी आहे? जवसाची चटणी, लाखोरीची वाळवलेली भाजी, तलावातली मासोळी. पण पाहुण्यापुढे भाजी ठेवायची म्हणजे घरच्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आग्रहाचं प्रमाण कुठल्याच तक्त्यात नसतं.

रात्री नाटकाला निघण्याआधी भाचीने वहीत दिवसाची नोंद केली: वडे, दोन. कढईजवळ उभ्या उभ्या खाल्लेले तिच्या शास्त्रात धरत नसावेत.