उघडा वाफा बघवत नाही

होळीची राख निवायच्या आत पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या आवारात एक गृहस्थ गोणी घेऊन हिंडायला लागतात. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात रबरी सपाता आणि नजर सतत जमिनीवर. नवा वॉचमन त्यांना हटकतो. जुना वॉचमन त्यांना लांबून पाहिलं की मोबाइल कानाला लावतो, कारण एकदा हाती सापडलं की जमिनीतला ओलावा ह्या विषयावर अर्धा तास नक्की.

आमच्याकडच्या ह्या गृहस्थांना पोरं पाचोळेकाका म्हणतात. त्यांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण पाटीवर मनीप्लांट पसरलाय आणि काकांना त्याबद्दल काही म्हणायचं नाही. झाकलेलं बरंच.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. पाणी कुठे मुरतंय ह्याचा शोध घेण्यात उभी नोकरी गेली. आता ते मुरावं म्हणून जिवाचं रान चाललंय. त्यांचं शास्त्र सोपं आहे. वाफा आधी पोटभर भिजवायचा, मग त्यावर दोन-तीन इंच पाचोळा पसरायचा, आणि खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडायची, नाहीतर बुंधा सडतो. एवढं केलं की ऊन मातीपर्यंत पोचत नाही, तण माजत नाही आणि रोजचं पाणी दिवसाआडावर येतं. हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. पण काका त्यात शेतीतले आपले गुरू ओढतात, कोल्हापूरचे दाभोळकर सर आणतात, जपानचे फुकुओका आणतात, पाळेकरांचा वाफसा आणतात, आणि ऐकणाऱ्याच्या हातातल्या पिशवीतलं दूध फाटायची वेळ येते.

माणसांत काका जातपात मानत नाहीत, पण पाचोळ्यात सोवळं कडक. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं सर्वांत वरच्या पाटावर. पिंपळ चालतो. आंब्याचं पान चिवट, लवकर कुजत नाही, म्हणून ते पंगतीच्या शेवटी. निलगिरीला तर दारात उभं करत नाहीत. रस्ता झाडणाऱ्या मावशींना हे सगळं पाठ झालंय. त्या ढिगारे वेगळे लावून ठेवतात आणि काका दिसले की हाक मारतात, "काका, पिंपळाचा हाय, घिऊन जावा लवकर, गाडी यायलीय." पूर्वी हे ढिगारे सरळ पेटवले जायचे. कचरा उघड्यावर जाळला तर ५,००० रुपये दंड, असं हरित लवादाने २०१६ साली सांगितलं, तेव्हापासून काका हा आकडा खिशात घेऊनच फिरतात. कोपऱ्यावर सिगारेट पेटवणाऱ्यालाही त्यांनी तो ऐकवला आहे.

दुपारी मुक्काम रसवंतीवर. काकांना मधुमेह, रसाचा थेंब चालत नाही. पण चिपाडांचं रोजचं गिऱ्हाईक तेच. रसवंतीवाल्याची समजूत अशी की काकांनी फ्लॅटमध्ये गाय पाळलीय. चिपाडं ओली टाकली तर मुंग्यांची जत्रा भरते, म्हणून ती आधी पार्किंगमध्ये वाळतात, आणि सेक्रेटरींची गाडी ऊन खात बाहेर उभी राहते.

खरी लढाई मात्र सोसायटीच्या माळीबुवांशी. माळीबुवांना पगार मिळतो तो बाग स्वच्छ ठेवण्याचा, आणि चेअरमनसाहेबांच्या मते स्वच्छ म्हणजे माती दिसली पाहिजे. त्यामुळे माळीबुवा सकाळी सातला खराट्याने गुलाबाचे वाफे असे लख्ख करतात की तिथे पाट मांडून जेवायला बसावं. काका संध्याकाळी सहाला तोच पाचोळा, त्याच गोणीतून, त्याच वाफ्यात पसरतात. दोघं समोरासमोर आले की अत्यंत आदराने बोलतात. "काय काका, परत कचरा केला का कुणी?" "हो ना माळीबुवा, कोण करतं कुणास ठाऊक." हा पाचोळा आजवर इतक्या वेळा आत-बाहेर झालाय की वाहतुकीतच त्याचं निम्मं खत झालं असावं. वार्षिक सभेत हा विषय पार्किंगच्याही आधी निघतो. गेल्या सभेत कुणीतरी मधला मार्ग सुचवला, शेतात कलिंगडाला अंथरतात तो चंदेरी प्लास्टिकचा मल्चिंग पेपर आणू, दिसायलाही बरा. काका काही बोलले नाहीत. उठून चहा न घेता गेले. तो राजीनामाच होता, फक्त द्यायला त्यांच्याकडे पद नव्हतं.

काकूंचं ह्यावरचं मत त्या भाजी निवडताना देतात, देठं काकांच्या डब्यात टाकता टाकता. "लग्नाला चाळीस वर्षं होत आली. मला कधी उन्हात छत्री धरली नाही. वांग्याला धरतात."

काकांच्या हाती सापडलेल्या प्रत्येकाला एक परीक्षा द्यावी लागते. शेजारी-शेजारी दोन कुंड्या, एक झाकलेली, एक मुद्दाम उघडी. "बोट घाल." उघडीतली माती खापरीसारखी तापलेली, वरच्यावर भेगाळलेली, बोट जातच नाही. झाकलेलीत पाचोळा बाजूला सारून बोट घातलं की सरळ पेरभर आत जातं, गार लागतं, आणि बाहेर निघतं ते नखात काळी माती घेऊन. समोरच्या बिऱ्हाडातल्या सूनबाईंनी नखं रंगवून आल्या आल्या ही परीक्षा दिली आहे. विमा एजंटने दिली आहे. पॉलिसी मात्र घेतली गेली नाही.

परवा पार्सलवाला पोरगा आला. दारातच म्हणाला, "काका, ओटीपी."

"आधी बोट घाल."

पोरगा सांगलीकडचा. त्याने बोट घातलं नाही. वाकून पाचोळा मूठभर उचलला, चुरगाळला, हुंगला. "नुसताच टाकलाय व्हय? आमी उसाच्या खोडव्यात पाचट कुजवतो. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, वर किलोभर जिवाणू. मग पाणी सोडायचं. असं कोरडं ठेवून दोन वर्षं बसाल."

युरिया म्हटल्यावर काकांचा चेहरा पडला. पण हात खिशाकडे गेला, वही निघाली, चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"सुपर फॉस्फेट किती म्हणालास?"

"धा किलो. काका, ओटीपी."

"आणि जिवाणू कुठले? शेणाची स्लरी चालेल का त्याऐवजी?"

"चालंल की. काका, अजून बावीस पार्सलं हायती."

"बस रे," काका आतल्या बाजूला वळून म्हणाले, "अगं, चहा टाक. शेतकरी आलाय."