उजवीकडे बघा, उतरायचं नाही

मॉरिशस बेट पासष्ट किलोमीटर लांब आणि पंचेचाळीस रुंद. हिंजवडीतून संध्याकाळी घरी पोचायला लागतो तेवढ्या वेळात माणूस या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्याला जाईल. तरीही ‘फुल डे साइटसीइंग विथ गाईड’ घेतल्याशिवाय आपलं कुटुंब हॉटेलबाहेर पाऊल टाकत नाही. समुद्र कितीही निळा असो, त्याच्याकडे नुसतं बघत बसून पैसे वसूल होत नाहीत, अशी आपल्याकडे घरोघरी समजूत आहे. वसुली होते ती पॉइंट मोजल्यावर.

सकाळी साडेआठला मिनीबस आली. दक्षिण आणि राजधानी एकाच दिवसात उरकणारा कार्यक्रम होता. गाईड तिशीतला. “नमस्कार, मी पण मराठी,” असं थोड्या वेगळ्या सुरात म्हणाला. खापरपणजोबा रत्नागिरीकडून ऊस तोडायला आलेले, घरात आता क्रिओल, पण शाळेत मराठी विषय होता, आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी. बसमध्ये टाळ्या पडल्या. दीडेकशे वर्षं समुद्रापार टिकलेला कोकणी माणूस समोर उभा होता. मागच्या सीटवरून त्याला पहिला प्रश्न गेला, “मग तूच सांग, डॉलर कुठे बदलायचे?”

दुसरा प्रश्न वॉशरूमचा होता.

पहिला पॉइंट ‘त्रू ओ सेर्फ’, म्हणजे क्यूरपीप गावातलं झोपी गेलेल्या ज्वालामुखीचं तोंड. सुमारे तीनशे मीटर रुंद, ऐंशी मीटर खोल. क्यूरपीप हे पावसासाठी प्रसिद्ध गाव, त्यामुळे ज्वालामुखीच्या जागी धुकं होतं. माथेरानला पॉइंटवर उभं राहून धुकं बघायची आपल्याला सवय आहे, कोणी तक्रार केली नाही. धुक्याकडे पाठ करून सगळ्यांनी फोटो काढले. दहा मिनिटं.

मग जहाजांच्या मॉडेलचं दुकान. पाऊण तास.

इथे वेळापत्रकाचं खरं व्याकरण कळतं. ज्वालामुखीला दहा मिनिटं आणि दुकानाला पंचेचाळीस, कारण ज्वालामुखी कमिशन देत नाही. यात मॉरिशसचा काही खास दोष नाही. आग्र्याला संगमरवर, जयपूरला रजया, बँकॉकला रत्नं, जगभर साइटसीइंगचा नकाशा दुकानदारच आखतात आणि मधल्या मोकळ्या जागेत देवळं, धबधबे बसवतात. गाईडला दोष देणं तर अगदीच सोपं. आपण टूर ठरवताना तीन ठिकाणी घासाघीस करून जे पैसे कमी करून घेतले, ते त्याला कुठून तरी भरून काढायचे असतात.

दुकान मात्र देखणं. लाकडाची एकेक जहाजं, डोलकाठ्या, दोऱ्या, शिडं, सगळं हाताने केलेलं. ट्रफाल्गरवालं ‘व्हिक्टरी’ होतं, बंडवालं ‘बाउंटी’ होतं, आणि पर्यटकाला ओळखीचं काही हवं म्हणून ‘टायटॅनिक’ही होतं. मी ‘अ‍ॅटलस’ मागितलं. 2 नोव्हेंबर 1834 रोजी कलकत्त्याहून 36 करारबद्ध मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं ते जहाज. मळ्यांवरची गुलामगिरी कायद्याने संपायला तीन महिने उरले होते आणि ऊस तोडायला नवे हात हवे होते. 2 नोव्हेंबरला या देशात आजही सार्वजनिक सुट्टी असते. सेल्समन विचारात पडला आणि म्हणाला, “नाही, पण टायटॅनिकवर वीस टक्के सूट आहे.”

तिथून गंगा तलाव. विवरात साठलेलं तळं, काठावर देवळं, माकडं, आणि रस्त्यालगत 108 फुटी मंगल महादेव. 1972 मध्ये भारतातून आणलेलं गंगाजल यात ओतलं, तेव्हापासून हे तळं गंगेच्या नात्यातलं. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लाखो माणसं कावडी घेऊन चालत इथे येतात, काही जण रात्रभर. आमच्या ग्रुपमध्ये बस पार्किंगपासून पायरीपर्यंत चालावं लागल्याबद्दल नाराजी होती. हा महादेव वडोदऱ्याच्या सुरसागर तलावातल्या महादेवावर बेतलेला आहे, हे गाईडने सांगितल्यावर एक काका हिशेब करू लागले. वडोदरा रात्रीच्या गाडीने होतं.

जेवण ‘इंडियन’ होतं. रस्त्याकडेला दालपुरी मिळत होती, वाटलेली चणाडाळ भरलेली मऊ पोळी, आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण. पण ती बाहेरची. आत पनीर होतं. जेवणानंतर चहा आला, त्याला व्हॅनिलाचा वास. मॉरिशसकर तो कौतुकाने पितात. काकांनी कप बाजूला ठेवला आणि ग्रुपवर मेसेज टाकला. हा चहा आपल्याला शेवटी लागेल.

दुपारी चामारेल. सात रंगांची माती हा या दिवसाचा कळस, ब्रोशरचं मुखपृष्ठ. तिकीट काढून आत जायचं, लाकडी कठड्यामागे उभं राहायचं आणि समोरच्या उघड्या टेकाडावर रंग मोजायचे. लाल, तपकिरी, पिवळा, जांभळा. निळा कोणाला दिसला, कोणाला नाही, आणि ज्याला दिसला नाही त्याला घरच्यांनी चष्मा पुसायला लावला. ज्वालामुखीचा काळा बेसॉल्ट कुजून त्याची माती झाली, पावसाने विरघळणारं सगळं धुऊन नेलं, आणि मागे लोखंडाची नि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं राहिली. लाली लोखंडाची, निळसर झाक अ‍ॅल्युमिनियमची.

हेच सगळं सह्याद्रीच्या बेसॉल्टवरही घडलेलं आहे. तिथे त्याला जांभा म्हणतात, त्याचे चिरे काढतात आणि घरं बांधतात. म्हणजे रत्नागिरीच्या कुटुंबाने सहा तास विमानात बसून, व्हिसाचा शिक्का घेऊन, तिकीट काढून परसातल्या विहिरीच्या मातीची चुलतबहीण बघितली, आणि तिला कठड्यामागून हात केला. कोकणात कमी काय आहे, तर कठडा. आणि तिकीटघर. आणि शेजारी गवत खाणारी महाकाय कासवं. मुंबई-गोवा महामार्गाच्या कामात उघडे पडलेले डोंगर पाहा, तिथे मातीचे सातच्या वर रंग आहेत, आणि ते निरखायला वेळही भरपूर मिळतो.

बाहेर पडताना काचेच्या नळीत सात थर भरलेली माती विकत मिळते. काकूंनी दोन घेतल्या. शेजारी डोडोचे टी-शर्ट होते. उडता न येणारा हा पक्षी सतराव्या शतकात, माणसं बेटावर वस्तीला आल्यापासून शंभर वर्षं पुरी व्हायच्या आत संपला. आता तो मॅग्नेटवर, मगवर आणि लहान मुलांच्या पोटावर सर्वत्र सुखाने नांदतो.

शेवटचा थांबा पोर्ट लुई, कोदां वॉटरफ्रंट, ‘शॉपिंग अ‍ॅट लेझर’, दीड तास. बस बंदराजवळून वळताना गाईड माइकवर म्हणाला, “उजवीकडे बघा, आप्रवासी घाट.” दगडी भिंतींचं एक बैठं आवार दिसलं. 1834 ते 1920 या काळात जवळजवळ पाच लाख माणसं भारतातून या बेटावर आली. 1849 पासून त्यांची नोंद या आवारात होई: नाव, वय, गाव, जहाज, आणि एक नंबर. पहिल्या जहाजांवरच्या पुरुषांचा करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. त्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या आहेत, आणि आपला नंबर शोधत नातवंडं-पतवंडं अजून तिथे येतात. सोळा दगडी पायऱ्या शिल्लक आहेत. 2006 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं. आत जायला तिकीट नाही. आवारात मातीच्या नळ्या विकायची सोय दिसत नव्हती.

“थांबतो का आपण?” मी विचारलं.

“प्रोग्राममध्ये नाही,” गाईड म्हणाला. मग हळूच, “कोणी मागत नाही ना.” त्याने स्वतःचा नंबर शोधून काढला होता, खापरपणजोबांचा. पाठ होता. तो सांगत असतानाच मागून आवाज आला, “अरे बाळा, कोदांला बसचा दरवाजा अगदी मॉलसमोर लागेल ना?”

लागला.

परतताना फीडबॅक फॉर्म फिरला. ‘कार्यक्रमात आणखी काय असावं असं आपल्याला वाटतं?’ या रकान्यात काकांनी ठळक अक्षरांत लिहिलं: “आल्याचा चहा.” खाली बाकीच्यांनी सह्या केल्या.