जपानी साहेबाला रामराम कसा घालावा

सदर मार्गदर्शिका धामणगाव रेल्वे व पंचक्रोशीतील अशा कुटुंबांसाठी आहे, ज्यांचा मुलगा पुण्यात जपानी कंपनीत लागला आहे आणि ज्याने लग्नाची पत्रिका साहेबालाही देऊन टाकली आहे. पत्रिका रीत म्हणून दिली होती. साहेबाने ती दोन्ही हातांनी घेतली, वाचली आणि "येतो" म्हणून सांगितले. आता साहेब येत आहे. मे महिन्यात.

घाबरण्याचे कारण नाही. वऱ्हाड आणि जपान यांची ओळख जुनी आहे. १८९३ साली जमशेदजी टाटांच्या पुढाकाराने निप्पोन यूसेन कंपनीच्या बोटी मुंबई-कोबे मार्गावर धावू लागल्या, त्या कापसासाठी. व्यापारी ज्याला 'ऊमरा' म्हणत, तो कापूस आपल्या उमरावतीच्या, म्हणजे अमरावतीच्या नावाचा. पुढे १९३३ मध्ये निचिदात्सु फुजी नावाचे जपानी भिक्षू वर्ध्याला गांधीजींना येऊन भेटले. त्यांचा जपानी बौद्ध मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत गेला तो आजही तिथेच आहे. नागपूरला भदन्त सुरेई ससाई साठच्या दशकापासून आहेत, आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस पाहायला शाळांच्या सहली जातात. एवढा सगळा शेजार असूनही धामणगावच्या फलाटावर उतरलेल्या जपानी माणसाला पहिले वाक्य काय म्हणावे, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. ती उणीव येथे भरून काढली आहे.

या कामी मुलावर विसंबू नये. त्याने जपानी भाषेची परीक्षा दिली आहे हे खरे. ती जुलैत आणि डिसेंबरात होते, एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंत तिच्या पाच पायऱ्या आहेत, आणि मुलाचे प्रमाणपत्र दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेले आहे. पण या परीक्षेत बोलण्याचा पेपरच नसतो. ऐकायचे, वाचायचे आणि गोल काळे करायचे. ऐनवेळी मुलगा "बाबा, तुम्ही फक्त हसा" असे म्हणेल. हसू नये. अभ्यास करावा.

उच्चारात मराठी माणूस जन्मतःच पास आहे. जपानीतला 'त्सु' भल्याभल्यांना जड जातो. आपण तो दिवसभर म्हणतो, 'चूल'मधला चू. 'गोजाइमास'मधला जा 'जावई'तला घ्यावा, 'जिलबी'तला ज नव्हे. 'देसु' असे लिहिलेले असले तरी शेवटचा उकार गिळून 'देस' म्हणावे. मात्र स्वर ताणण्यात हयगय चालत नाही. 'ओबासान' म्हणजे काकू किंवा मावशी आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी. साहेबाच्या सौभाग्यवती सोबत असतील तर दोन्हींपासून दूर राहावे. आपल्याकडे अनोळखी बाईला पहिल्याच वाक्यात मावशी करून टाकतात. तिकडे आडनावामागे 'सान' लावतात आणि प्रकरण तिथेच मिटते. हे 'सान' स्वतःच्या नावाला लावायचे नसते. ज्यांना फोनवर "मी देशमुख साहेब बोलून राह्यलो" असे म्हणायची सवय आहे, त्यांनी ती चार दिवस आवरावी. साहेबच तुम्हाला 'देशुमुकु-सान' म्हणेल. त्याच्या जिभेला अक्षरामागे स्वर लागतोच, त्याला इलाज नाही.

पहिल्या भेटीचे वाक्य 'हाजिमेमाश्ते', त्यानंतर आपले नाव, आणि शेवटी 'योरोश्कु ओनेगाइ शिमास'. या शेवटच्या वाक्याचे इंग्रजी करता करता पुस्तकवाले घामाघूम होतात. आपण ते प्रत्येक सत्कारात म्हणतो: लक्ष असू द्या. कशावर लक्ष, किती दिवस, हे आपणही सांगत नाही आणि जपानी माणूसही सांगत नाही.

पुढची अडचण व्हिजिटिंग कार्डाची. आपल्याकडे अभिवादनावरून माणूस कळतो. 'जय गुरुदेव' आले की मोझरी, 'दंडवत प्रणाम' आले की रिद्धपूर, 'जय भीम' आले की दीक्षाभूमी, आणि 'राम राम' आले की अजून अंदाज बांधायचा आहे. 'कोन्निचिवा'वरून असा काहीही पत्ता लागत नाही. म्हणून जपानी माणूस कार्ड पाहतो. समोरचा आपल्याहून वर की खाली हे त्यावरून ठरते, आणि किती वाकायचे तेही त्यावरूनच. कार्ड दोन्ही हातांनी घ्यावे, वाचावे, समोर ठेवावे. शर्टाच्या खिशात कोंबू नये आणि त्याने पानाचा चुना तर अजिबात काढू नये.

वाकण्याचे तीन दर्जे आहेत. साधारण पंधरा अंशांचे येताजाता, तीस अंशांचे पाहुण्याला किंवा वरिष्ठाला, पंचेचाळीस अंशांचे क्षमा मागताना किंवा फार मोठ्या माणसापुढे. पुरुषांनी हात मांडीला लावून सरळ ठेवावेत, बायकांनी पुढे जुळवावेत, नजर खाली. वऱ्हाडी माणसाजवळ दोनच मापे आहेत. एक शून्य अंशाचे, म्हणजे गाडी न थांबवता हनुवटी वर करून केलेला रामराम. दुसरे थेट पायाला हात लागेपर्यंतचे. नवरदेवाने साहेबाच्या पाया पडू नये, हे त्याला आदल्या रात्रीच बजावावे. तो खाली गेला की साहेब संकोचाने मागे सरकेल आणि आपणही वाकेल, त्यावर नवरदेव आणखी वाकेल, आणि मांडवात डोक्याला डोके लागेल. मध्ये एक हात अंतर असू द्यावे. ज्येष्ठांनी "असू द्या, असू द्या" म्हणत साहेबाचे खांदे धरून त्याला सरळ करू नये.

आता मुख्य नियम, ज्याच्यासाठी ही मार्गदर्शिका छापावी लागली: वाक्य संपले की थांबावे.

जपानी अभिवादनात माहिती मागितलेली नसते आणि द्यायचीही नसते. एकाने ठरलेले वाक्य म्हणायचे, दुसऱ्याने ठरलेले उत्तर द्यायचे. 'कोन्निचिवा'चा मूळ अर्थच मुळी "आजचा दिवस तर..." एवढा आहे. पुढचे सोडून दिलेले आहे. असे अर्धे सोडलेले वाक्य दिसले की आपल्या माणसाचा जीव कासावीस होतो. ते पुरे करू नये. सकाळचे 'ओहायो गोजाइमास' हे 'लवकर' या शब्दावरून आलेले आहे, म्हणजे "लौकर आले बावा!" पण यात टोमणा नसतो. रात्रपाळीला आलेल्यालाही हेच म्हणतात. "लौकर कुठं, नऊ वाजले" अशी दुरुस्ती करू नये.

उन्हाचे उदाहरण घेऊ. साहेब मांडवात बसेल, रुमालाने मान पुसेल आणि म्हणेल, "अत्सुई देस ने." यातला 'ने' म्हणजे आपला 'ना'. गरम हाय ना! यावर उत्तर ठरलेले आहे, "सोओ देस ने." हाव ना. प्रकरण संपले. पण वरपिता असे बोलतो:

"हे काईच नाई जी. काल अकोल्याले पंचेचाळीस होतं. आमच्या कूलरची मोटर जळली ना रात्री! मंग जावयानं यवतमाळहून आनली, त्यातबी पंप नवता."

साहेब हे सगळे ऐकून घेईल. प्रत्येक वाक्याला मान हलवून "हाय" म्हणेल. याबद्दल विशेष सूचना आहे. जपानी 'हाय' म्हणजे हो, पण संभाषणाच्या मध्ये येणारा 'हाय' म्हणजे फक्त "ऐकून राह्यलो". गोष्ट सांगताना समोरच्याने हूं म्हणत राहावे तसा तो हुंकार आहे. त्याला होकार समजून लहान पोराच्या नोकरीचे बोलणे पक्के झाले, असे घरात जाहीर करू नये.

दुसरे उदाहरण रस्त्यावरचे. ओळखीचा माणूस बाहेर निघालेला दिसला की जपानी शेजारी विचारतो, "ओदेकाके देस का?" बाहेर निघालात का? हा प्रश्न धामणगावकराला ओळखीचा वाटेल, कारण तो सकाळपासून हेच विचारत असतो. फरक उत्तरात आहे. जपानी उत्तर असते, "चोत्तो सोको मादे." जरा इथवर. विचारणारा "अस्सं, जाऊन या" म्हणतो आणि झाडांना पाणी घालू लागतो. आपल्याकडे "इथंच" म्हटले की लगेच "इथंच म्हंजे कुठं?" येते. तिथून मोर्शीचे साडू, त्यांच्या पोरीचे पाहण्याचे, मुलगा काय करतो, शेती किती, ओलिताची की कोरडवाहू, असा माणूस पूर्ण उलगडला की मग त्याला जाऊ देतात. साहेब सकाळी फिरायला निघाला तर त्याच्याशी हा प्रयोग करू नये. तो "चोत्तो सोको मादे" म्हणेल आणि खरोखर स्टेशनापर्यंतच जाईल.

घरात प्रवेश करताना काही शिकवावे लागत नाही. आपण फाटकातून "हाय का कोनी घरी?" अशी हाक देतो. तिकडे "गोमेन कुदासाइ" म्हणजे माफ करा असे म्हणत तेच विचारतात. आत पाऊल टाकताना "ओजामा शिमास", म्हणजे तुमच्या कामात अडथळा आणतो. हे ऐकून घरच्यांनी "अडथळा कायचा जी!" असा गलका करू नये. पायातले काढून ठेवायची रीत दोन्हीकडे आहे. साहेब मात्र आपले बूट टोके दाराकडे करून नीट मांडून ठेवील. लग्नघरातल्या शंभर चपलांत ते दोन बूट परत कसे सापडतील, याची सोय वरपक्षाने करावी.

जेवणाआधी "इतादाकिमास", जेवणानंतर "गोचिसोओसामा देश्ता". दोन्हींच्या मधल्या काळाला आपल्याकडे आग्रह म्हणतात आणि तिथे जपानी भाषा तोकडी पडते. साहेब रोडगे-वांग्याच्या दुसऱ्या वाढीला "केक्को देस" म्हणेल. या शब्दाचा अर्थ "छान आहे" असाही होतो आणि "पुरे" असाही. जपानी लोक तो चेहऱ्यावरून ओळखतात. धामणगावात तो पहिल्या अर्थानेच घेतला जाईल, हे साहेबाला मुलाने आधीच कळवून ठेवावे.

आता निरोप. 'सायोनारा' हा शब्द 'लव्ह इन टोकियो' या १९६६च्या सिनेमापासून सगळ्यांना ठाऊक आहे आणि म्हणूनच धोक्याचा आहे. शाळा सुटताना पोरे गुरुजींना सायोनारा म्हणतात. एरवी रोजच्या निरोपाला तो फार जड होतो, जणू आता लवकर गाठ पडायची नाही. मित्राला "जा माता", म्हणजे मंग भेटू. ऑफिसातून निघताना "ओसाकिनि शित्सुरेइ शिमास", तुमच्याआधी निघतो, माफी असावी. मागे बसलेले म्हणतात "ओत्सुकारेसामा", थकलात हो. याच जातीचा 'गोकुरोओसामा' नावाचा शब्द आहे, तो वरच्याने खालच्याला म्हणायचा. साहेबाला तो चुकूनही म्हणू नये. मुलाची बढती अडेल.

सगळ्यात सोपा निरोप घरातला. बाहेर जाणारा म्हणतो "इत्ते किमास", जाऊन येतो. घरचे म्हणतात "इत्ते राश्शाइ", जाऊन या. परत आल्यावर "तादाइमा", आलो, आतून "ओकाएरी". "चाल्लो" म्हणणाऱ्या पोराला "येतो म्हन रे" असे रागावणाऱ्या कोणत्याही वऱ्हाडी आजीला हे चार शब्द पाठ करावे लागणार नाहीत. पाहुणा मुक्कामी असेल तर सकाळी तिनेच उभे राहून म्हणावेत. बाकीच्यांनी मध्ये बोलू नये.

साहेबाच्या जाण्याच्या दिवशी वेळेचा हिशेब काटेकोर ठेवावा. वऱ्हाडी माणूस "येतो मंग" हे वाक्य बसल्या बसल्या एकदा म्हणतो, उठून एकदा, उंबरठ्यावर एकदा आणि फाटकाला हात लावून एकदा. महत्त्वाचे सगळे बोलणे फाटकाजवळच होते. जपानी माणूसही काही कमी नाही. तो लिफ्टचे दार पूर्ण लागेपर्यंत वाकून उभा असतो आणि पाहुण्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत रस्ता सोडत नाही. दोघे समोरासमोर आले की निरोप कोणी संपवायचा याचा निकाल लागत नाही. धामणगावला गाडी जेमतेम थांबते. म्हणून फाटकाजवळचे बोलणे गाडीच्या वेळेच्या तासभर आधी सुरू करावे आणि साहेबाची बॅग आधीच ऑटोत टाकून ठेवावी. फलाटावर साहेब खिडकीतून वाकेल. तुम्हीही वाकावे, पण पिवळ्या पट्टीच्या अलीकडे.

आठ दिवसांनी साहेबाचा फोन येईल. 'मोशी मोशी' म्हणजे हॅलो. त्यानंतर तो म्हणेल "सेन्जित्सु वा दोओमो", त्या दिवशीबद्दल आभार. मागच्या भेटीचे आभार पुढच्या वेळी मानल्याखेरीज जपानी बोलणे पुढे सरकत नाही. "पोचले का बरोबर?" हे तुम्ही आठ दिवसांपूर्वीच विचारलेले असले तरी पुन्हा विचारावे, त्याला आवडेल. तो फोनवरही वाकत असतो. ते दिसत नाही, पण धरून चालावे. फोन वरच्या माणसाने आधी ठेवावा असा तिकडे संकेत आहे. तुम्ही नवरदेवाचे वडील, तो नवरदेवाचा साहेब. वरचा कोण, याचा तोडगा अजून निघालेला नाही. तुम्ही "ठेवू का मंग?" म्हणाल, तो "हाय" म्हणेल आणि ठेवणार नाही. फोन चार्जिंगला लावूनच बोलावे.