शेजारचा रॅपर

अहो वहिनी, या की जरा भिंतीपाशी. ती मेथी इकडंच आणा, दोघी मिळून निवडू. काल रात्री साडेअकरापर्यंत तुमच्या गच्चीवर काय चाललं होतं ओ? मला वाटलं, दोघा भावांची जुंपली. आमचे हे बनियनवरच निघाले होते सोडवायला!

रॅप? म्हणजे भांडण नव्हतं ते?

छे, तक्रार कशाला करू? पोराचं बारावीचं वर्ष, म्हणून आपलं म्हणलं. अख्खी गल्ली बोलते, मी नाही बोलत.

काय व्हायचंय त्याला? एमसी स्टॅन? माहीत नसायला काय झालं! पुण्याला नणंदेकडं गेलं की तिची पोरं तेच लावून बसतात. स्टेशनजवळ ताडीवाला रोड आहे ना, तिथला तो. खरं नाव अल्ताफ. १९९९ चा जन्म, आमच्या थोरल्याच्या बरोबरीचा. लहानपणी कव्वाल्या गायचा म्हणे. वस्ती दाटीवाटीची, नाव काढलं की लोक नाक मुरडायचे. यानं त्याच वस्तीची गाणी केली. २०२० ला अल्बम काढला, त्याचं नाव काय, तर ‘तडीपार’! लोक असलं काही असलं तर लपवतात, यानं दारावर पाटी लावली.

हो, बिग बॉसमध्ये होता तोच. आधी नुसता कोपऱ्यात बसायचा, घरी जायचं म्हणायचा. आमच्या सासूबाई रोज विचारायच्या, ‘याला कुणी जेवायला वाढत नाही का गं?’ आणि पायात बूट ऐंशी हजारांचे! १२ फेब्रुवारी २०२३ ला शेवटचा भाग. मी आपली अमरावतीच्या शिव ठाकरेसाठी देव पाण्यात घालून बसलेली. मराठीतलं बिग बॉस जिंकलेला पोरगा, आपलाच वाटतो. तो राहिला दुसरा. स्टॅननं नेले ३१ लाख ८० हजार, वर गाडी. मी म्हणलं, याला मतं दिली तरी कुणी? तर आमच्या धाकट्यानं! अभ्यासाला दिलेल्या मोबाईलवरून! घरातच फितुरी, बोला.

शिव्या असतात, खरंय. मला नाही आवडत. पण माझं माहेर संगमनेर, विसरू नका. आमच्या गावचा शाहीर अनंत फंदी, १७४४ चा जन्म. तोही आधी तमाशात लावण्या गायचा. अहिल्याबाईंनी कान टोचले, मग कीर्तनाकडं वळला, असं सांगतात. हो, आता ज्यांचं नाव जिल्ह्याला दिलंय, त्याच. आणि त्याचे फटके तरी काय, तालावर सुनावलेले चार शब्दच की! तेव्हा डफ होता, आता मोबाईलमध्ये बीट आहे.

म्हणून सांगते, गाऊ द्या त्याला. फक्त एक चुकतंय. काल कान देऊन ऐकलं मी. सारखं आपलं ‘मेरी बस्ती, मेरी गँग’. अहो, आपल्या सावेडीत कुठली आलीय गँग? तुमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आणि माझ्या कुरडया. स्टॅनचं चाललं, कारण तो ताडीवाला रोडचं बोलला. यानं आपल्या गल्लीचं बोलावं. पाणी कधी येतं, कुणाची मोटर आधी चालू होते, कोण कुणाच्या दारात गाडी लावतं... आहे की मसाला!

काय म्हणता? लिहिलंय? नवीन गाणं आपल्याच गल्लीवर? भिंतीपाशी उभ्या राहून गावाची उणीदुणी काढणाऱ्या बायकांवर?

बघा कार्टं! माझ्या पुरणपोळ्या खाऊन माझ्यावरच फटका!

...आणि काय ओ, माझं नाव कितव्या ओळीत आहे?

नुसतं ‘शेजारची काकू’? नाव नाहीच घातलं? बोलवा त्याला खाली. आत्ताच्या आत्ता.