तिसरी शिट्टी

"आधी त्या डबड्याचा गळा दाब!" ही माझ्या लहानपणची दुपारची आरती. वडील जेवून आडवे झालेले, मी टीव्हीला जोडलेल्या कॅसेटवाल्या गेममध्ये मारिओला पळवतोय आणि आई दारात उभी. मी निमूट आवाज शून्यावर न्यायचो. त्यामुळे 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये नाणं उचललं की काय वाजतं, हे मला ठाऊकच नव्हतं. शिवाय धडधाकट मारिओ कधीकधी मधूनच टुणकन उडून का मरतो, हेही कोडंच होतं. मी ते हृदयविकारावर ढकललं होतं. शिल्लक वेळेचा आकडा १०० च्या खाली गेला की संगीतकार कोजी कोंदोंची त्यातली चाल घाईला येते आणि खेळणाऱ्याला ढोसते, हे भाच्यानं मला सांगितलं तेव्हा माझ्या मुलीची दहावी झाली होती.

भाच्याला या विषयाचं वेड. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये नुसते चार सूर आहेत, पण शत्रू कमी होतील तसे ते वेग घेतात आणि आपली छातीही त्यांच्यामागे धावू लागते, हे तो हातवारे करकरून सांगत होता. मी म्हणालो, "आवाजात काय एवढं?" दुसऱ्या दिवशी त्यानं आपला जुना प्लेस्टेशन ४, कॅमेऱ्यासकट, माझ्या घरी आणून ठेवला. सोबत 'एलियन: आयसोलेशन'. सूडच तो.

२०१४ चा हा गेम. मोडकळीला आलेलं अंतराळस्थानक, त्यात आपण आणि एक अक्राळविक्राळ प्राणी. बंदुकीनं तो मरत नाही, फक्त लपायचं. पहिल्या रात्री मी सवयीनं आवाज बंद ठेवला आणि अकरा वेळा मेलो. दर वेळी मागून. दुसऱ्या रात्री हेडफोन चढवला आणि बोबडीच वळली. तो छतातल्या डक्टमधून खडखडत जातो, ते एका कानातून दुसऱ्या कानात सरकतं. खाली उतरला की धप्प, मग जड पावलं. तो किती जवळ आलाय हे सांगणारं एक यंत्र आपल्या हातात असतं, पण तो जवळ असला तर त्या यंत्राची टिकटिक त्यालाही ऐकू जाते! (असलं यंत्र आमच्या ऑफिसनंही घेतलंय बहुतेक.) कपाटात लपल्यावर बटण दाबून श्वास रोखायचा असतो. मी स्वतःचाही रोखायचो. अशाच एका क्षणी बायकोनं खांद्यावर हात ठेवून विचारलं, "गिझर बंद केलास का?" माझ्या किंकाळीनं खालच्या मजल्यावरचे काका काठी घेऊन वर आले.

भाच्याचं एवढ्यानं भागलं नाही. रविवारी त्यानं सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी चालू केलं. "मामा, आता कॅमेऱ्याच्या माइकमधून तो तुझ्या खोलीतलाही आवाज ऐकणार." मला ही थाप वाटली.

मी कॉरिडॉर ओलांडत असताना कुकरची पहिली शिट्टी झाली. छतात खडखडाट. मी टेबलाखाली. दुसरी झाली तेव्हा कपाटात. जीव मुठीत धरून कुजबुजलो, "अजून किती?"

"काय?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. पडद्यावरचं डोकं कपाटाकडे वळलं.

"शिट्ट्या... किती?"

"तीन! डाळ जुनी आहे!"

तो गेला. समोरच गेम सेव्ह करायचं यंत्र. त्यात कार्ड घालायचं आणि तीन दिवे लागेपर्यंत जागचं हलायचं नाही. पाऊण तासाची कमाई पणाला लागली होती. मी धावलो. एक दिवा लागला. दुसरा लागला.

डाळ शिजली. त्याची शेपटी माझ्या छातीतून आरपार बाहेर आली.

"मेलास का?" बायकोनं आतून विचारलं.

"हो."

"मग हात धू आणि ताटं घे."