उचलेगिरी

डॉक्टरांनी विचारलं, "खांद्याला काय झालं?" म्हटलं, "ट्रॅक्टर." त्यांच्या नजरेत एकदम आदर दाटला. शेदोनशे एकरांचा बागायतदार समजले असावेत. आमची जमीन अर्धा एकर, तीही घर धरून. आणि ट्रॅक्टर एवढासा की शेजारी उभं राहिलं तर त्याचं बॉनेट कमरेला लागतं.

अमेरिकेत या जातीला गार्डन ट्रॅक्टर म्हणतात. १९६०च्या आसपास, शहराबाहेर ऐसपैस अंगणं घेऊन राहणाऱ्यांसाठी ही पैदास वाढली. आधी इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट आला, मग १९६३ साली जॉन डिअरचा ११०. आमचे चिरंजीव त्याच पिढीतले. घराणं सांगत नाही. पुढे बर्फ ढकलायचं ब्लेड, ४२ इंची, वजन अंदाजे १०० पौंड. ते उचलायला उजव्या हाताशी एक लांब दांडा. हायड्रॉलिक वगैरे चैन नाही. लागेल ते तेल माझ्या खांद्यातलं.

ओहायोच्या या कोपऱ्यात एरी सरोवराच्या कृपेने बर्फाला तोटा नाही. पुढे जा, दांडा ओढ, मागे ये, दांडा सोड. एका सकाळी चाळीस खेपा. दांड्यामुळे ओझं विभागलं जातं हे खरं, तरी दर खेपेला भरलेली कळशी उचलल्यासारखं होतं.

"अहो, एखादा पोरगा बोलवा की," सौ. म्हणाली. पासष्टीनंतर हे वाक्य फार लागतं.

गुहागरला आजोळी विहिरीवर लाट होती. लांब आडवा वासा, पुढे पोहरा, मागच्या टोकाला बांधलेला दगड. आजी रिकामा पोहरा जोर लावून खाली न्यायची. भरलेला मात्र दगडच वर आणायचा. ट्रॅक्टरला दगड कुठे टांगणार? दगडाचं काम स्प्रिंग करील असं ठरवलं.

आणि स्प्रिंग दिसली. शेजारच्या म्हातारबुवांनी गॅरेजचं दार बदललं होतं. कचऱ्याच्या गाडीसाठी रस्त्याकडेला ठेवलेल्या सामानात जुन्या दाराच्या दोन स्प्रिंगा होत्या, टोकाला हिरवा रंग. हा रंग शोभेसाठी नसतो, त्यावरून दाराचं वजन कळतं. हिरवा म्हणजे १२० पौंड. पहाटे सहाला, त्यांच्या कुत्र्याच्या साक्षीने, एक उचलली. एकच. हाव बरी नव्हे.

स्प्रिंग जितकी ताणाल तितकी ओढते, हा रॉबर्ट हुकचा नियम. त्याने तो १६७६ साली अक्षरांची खिचडी करून छापला आणि उकल दोन वर्षांनी सांगितली. पुण्यात शिकताना हा माणूस विक्षिप्त वाटायचा. आता पटतं: जमेपर्यंत घरात बोलू नये.

एक टोक चौकटीला आय-बोल्टने अडकवलं, दुसरं उचलायच्या आर्मला. स्प्रिंग तुटली तर गोफणीसारखी सुटते, म्हणून तिच्या पोटातून तारेचा दोर ओवला. हे मात्र तुटण्याआधीच सुचलं. माझ्या चरित्रात दुर्मिळ गोष्ट. मग दांडा ओढला. दोन बोटांनी आला! सौ.ला हाक मारली. तिने करंगळीने उचलून दाखवला आणि "बरं" म्हणून आत गेली.

दोन दिवसांनी सहा इंच बर्फ पडला. ऐटीत निघालो. ब्लेड बर्फावरून असं तरंगत गेलं की मागे वळून पाहिलं तर बर्फ तिथेच, फक्त कडक इस्त्री केलेला. पोस्टमन त्यावरून दाराशी आला तो घसरतच.

गोम अशी की उचलताना हात देणारी स्प्रिंग ब्लेड खाली असतानाही उचलतच असते. उलट तेव्हा ती सगळ्यात जास्त ताणलेली. १०० पौंडांतले बरेचसे तिने अंगावर घेतलेले. खरवडायला जोर उरणार कुठून? आजी पोहरा खाली ढकलायची ते उगीच नव्हे. आय-बोल्टची नट सैल केली तर खांदा ओरडतो, आवळली तर इस्त्री. शेवटी ब्लेडवर वजन बांधावं म्हणून घरातला पाटा उचलला.

"महिनाभर ओझं हलकं करत होतात ना?" दारातून आवाज आला. "आता ओझं बांधताय? पाटा ठेवा खाली."

ठेवला. आठवडाभर अर्धा-अर्धा वेढा फिरवत राहिलो. एका सकाळी ब्लेड खरवडूही लागलं आणि दांडाही बऱ्यापैकी निमूट आला. नटची जागा हलू नये म्हणून तिथे सौ.च्या नेलपॉलिशची खूण केली. (याचीही परवानगी नव्हती.)

म्हातारबुवा त्या दिवशी कुत्र्याला घेऊन आले. वाकले, हिरवं टोक बघितलं, दांडा एकदा वर-खाली केला. माझे कान तापले.

"दुसरी मी परत आत नेऊन ठेवलीय," ते म्हणाले. "म्हटलं, एक नेणारा दुसरीसाठी येईलच."